सही झाली, शब्द पाळायचा राहिला

17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह विमानातून शेकडो एके-47 रायफली आणि दारूगोळ्याच्या पेट्या पॅराशूटने खाली सोडण्यात आल्या. काही दिवसांनी तेच विमान मुंबई विमानतळावर उतरवण्यात आले. वैमानिक, कर्मचारी आणि ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच पकडले गेले. कटाचा सूत्रधार असल्याचा आरोप असलेला डॅनिश नागरिक नील्स होल्क ऊर्फ किम डेव्ही मात्र विमानतळावरूनच निसटला. पुढे तो डेन्मार्कमध्ये उघडपणे राहू लागला. भारताने त्याला मागितले. डेन्मार्कच्या सरकारने 2010 मध्ये होकारही दिला. पण 2011 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात देण्यास नकार दिला आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा तोच निर्णय झाला. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, असे दोन्ही वेळा सांगण्यात आले.

आपल्याकडे यावर संताप व्यक्त झाला आणि तो समजण्यासारखा आहे. देशावर शस्त्रे टाकल्याचा आरोप असलेला माणूस मोकळा फिरतो, हे कोणालाही सलेल. पण मी फौजदारी वकील आहे. मराठवाड्यातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत माझी हयात गेली. नकाराचे ते कारण निराधार आहे, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आरोपीचा छळ होणार नाही अशी हमी भारत सरकारने दिली होती. ती परक्या न्यायाधीशाला अपुरी का वाटते, याचे एक उत्तर आपण अर्धवट सोडलेल्या एका करारात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली. त्याचे अनुसमर्थन मात्र अजून केलेले नाही. ते करावे आणि त्याच्या जोडीने छळविरोधी कायदा करावा, ही माझी मागणी आहे.

ही मागणी नीट समजायची तर करारांचे प्रकार पाहावे लागतात. दोन देशांमधले करार आपल्या ओळखीचे असतात. 1960 चा सिंधू पाणीवाटप करार किंवा गुन्हेगार परत देण्याचे प्रत्यर्पण करार हे असे द्विपक्षीय. त्यांत देवाणघेवाण असते. एकाने शब्द मोडला तर दुसरा हात आखडता घेतो. मानवी हक्कांचे करार बहुपक्षीय असतात आणि त्यांचा स्वभावच वेगळा असतो. वचन जगापुढे दिलेले असते, पण ते ज्याच्यासाठी असते तो आपल्याच देशातला माणूस असतो. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या देशाने करार मोडला म्हणून आपल्याला आपल्या कोठडीतल्या माणसाला मारण्याची मुभा मिळत नाही.

या बहुपक्षीय दस्तऐवजांतही पायऱ्या आहेत. 10 डिसेंबर 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा ही पहिली पायरी. कोणाचाही छळ होता कामा नये, हे त्याच्या पाचव्या कलमात आहे. पण जाहीरनाम्याला नैतिक वजन असते, करारासारखे कायदेशीर बंधन नसते. ते बंधन 1966 च्या दोन मोठ्या करारांनी आणले. एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही 1976 मध्ये लागू झाले आणि भारत त्यांत 1979 मध्ये सामील झाला. त्यापुढे एकेका विषयाचे करार आहेत: वंशभेद 1965, स्त्रिया 1979, छळ 1984, बालके 1989, अपंग व्यक्ती 2006. काही करारांना ऐच्छिक पूरक करार जोडलेले असतात. मूळ करार स्वीकारला तरी पूरक करार स्वीकारण्याची सक्ती नसते.

सही आणि अनुसमर्थन यांतला फरक मी पक्षकारांना त्यांच्याच व्यवहारातून समजावतो. सही म्हणजे इसार देऊन केलेले साठेखत. नियत कळते, पण खरेदीखत नोंदल्याशिवाय जमीन नावावर होत नाही. सही केलेल्या देशाने कराराचा हेतूच हाणून पाडू नये, एवढे किमान बंधन 1969 च्या व्हिएन्ना करारात आहे. पूर्ण बंधन अनुसमर्थनानंतर येते. आपल्या बहुतेक शेजाऱ्यांनी ते केव्हाच स्वीकारले आहे. नेपाळ 1991 मध्ये छळविरोधी कराराचा पक्षकार झाला, श्रीलंका 1994 मध्ये, बांगलादेश 1998 मध्ये, पाकिस्तान 2010 मध्ये. चीन तर 1988 पासून आहे.

अनुसमर्थनानेही काम संपत नाही. काही देशांत करार मान्य झाला की तो थेट न्यायालयात चालतो. भारतात तसे होत नाही. कराराला देशात कायद्याचे बळ द्यायचे तर संसदेला कायदा करावा लागतो आणि तो अधिकार घटनेच्या अनुच्छेद 253 ने दिला आहे. विषय राज्यांच्या यादीतला असला तरी करार पाळण्यासाठी संसद कायदा करू शकते. पोलीस हा राज्याचा विषय आहे म्हणून केंद्राचे हात बांधलेले आहेत, ही सबब म्हणूनच टिकत नाही.

अनुसमर्थन झालेला करार कायदा होण्याआधीही उपयोगी पडतो. 1980 मध्ये कर्ज फेडू न शकलेल्या माणसाला तुरुंगात टाकण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्या. कृष्णा अय्यर यांनी 1966 च्या नागरी हक्क कराराच्या प्रकाशात दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ लावला आणि निव्वळ गरिबीसाठी तुरुंग नाही, असे बजावले. 1997 च्या विशाखा निकालाला भारताने 1993 मध्ये अनुसमर्थन दिलेल्या स्त्रीविषयक कराराचा आधार होता. त्यातूनच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा उभा राहिला. बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या उद्देशिकेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अपंगांच्या हक्कांचा करार 2007 मध्ये स्वीकारला आणि 2016 चा कायदा त्यातूनच आला. जिनिव्हा आणि न्यूयॉर्कमध्ये झालेले करार अशा रीतीने आपल्या गावच्या शाळेपर्यंत, कार्यालयापर्यंत पोहोचले आहेत. पोलीस ठाण्याच्या दारात मात्र हा प्रवास थांबलेला आहे.

तिथे नेमके काय होते, ते एका प्रकरणातून सांगतो. आमच्या भागात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. गावाबाहेर पालावर राहणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी संशयावरून उचलले. रिमांडसाठी आणला तेव्हा तो पावलांच्या कडांवर चालत होता, टाच टेकवत नव्हता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ त्याने शेजारच्या हवालदाराकडे पाहिले आणि म्हणाला, ‘नाही साहेब.’ तशी नोंद झाली. सरकारी दवाखान्याच्या कागदावर ‘ताज्या जखमा नाहीत’ असा शेरा आधीच होता. पोलीस कोठडी मिळाली. पुढे न्यायालयीन कोठडी होऊन तो कारागृहात गेल्यावर मी त्याला भेटलो आणि का बोलला नाहीस, असे विचारले. तो म्हणाला, ‘वकीलसाहेब, गाडी त्यांचीच होती. परत त्यांच्याबरोबरच जायचं होतं.’

न्यायाधीशांनी प्रश्न विचारला होता, डॉक्टरांनी तपासले होते, कागद पूर्ण होता. आणि तळपायांवर बसलेला मार मात्र कोणाच्याच नावावर लागला नाही. छळविरोधी करार ही पोकळी ओळखून लिहिलेला आहे. छळ झाल्याचे मानायला वाजवी कारण दिसले की तक्रार नसली तरी तातडीने नि:पक्ष चौकशी झाली पाहिजे, असे बारावे कलम सांगते. तक्रार करणाऱ्याला आणि साक्षीदारांना धाकदपटशापासून संरक्षण द्या, असे तेरावे सांगते. छळातून मिळवलेले निवेदन पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे पंधरावे. पोलिसांइतकेच वैद्यकीय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, असे दहावे. छळाच्या खुणा डॉक्टरांनी कशा तपासाव्यात आणि कशा नोंदवाव्यात, यासाठी संयुक्त राष्ट्रांची इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची मार्गदर्शिका आहे. तळपायांवर मारल्यावर काय दिसते, हेही तिच्यात आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला ती कोणी शिकवत नाही, कारण शिकवण्याचे बंधन आपण अजून स्वीकारलेले नाही.

1966 च्या नागरी हक्क कराराच्या सातव्या कलमाने भारत छळबंदीला आधीच बांधील आहे, मग नवा करार कशाला, असा प्रश्न जाणकार विचारतात. त्याचे उत्तर वरच्या प्रसंगात आहे. सातवे कलम छळ करू नका एवढे सांगते. 1984 चा करार छळाची व्याख्या करतो, मानसिक छळही त्यात धरतो, तो स्वतंत्र गुन्हा ठरवायला लावतो, चौकशीची आणि भरपाईची जबाबदारी सरकारवर टाकतो. भरपाईचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 1979 मध्ये सामील होताना बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आपल्याकडे नाही, अशी खास नोंद भारताने करून ठेवली होती. 1993 मध्ये ओडिशातल्या नीलावती बेहरा या मातेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत मरण पावलेल्या तिच्या मुलासाठी दीड लाख रुपयांची भरपाई दिली, तेव्हा त्या नोंदीचा अडसर न्यायालयाने ओलांडला. पण प्रत्येक आईला दिल्लीपर्यंत पत्र लिहायला लावणे हा न्याय होत नाही.

‘आपल्याकडे कायदा आहेच,’ हा नेहमीचा आक्षेप. आहे, आणि फार जुना आहे. महसूल आणि पोलीस कर्मचारी रयतेचा छळ करतात, असा अहवाल मद्रास इलाख्यातल्या चौकशी आयोगाने 1855 मध्ये दिला होता. कबुलीसाठी इजा करणे 1860 च्या दंड संहितेने गुन्हा ठरवले. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालणार नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यात आले. आज तीच तत्त्वे भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 मध्ये आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहेत. दीडशे वर्षांहून जुन्या या कलमांनी कोठडीतला मार थांबलेला नाही. कारण मारणारा आणि साक्षीदार एकाच खोलीत, एकाच खात्यात असतात आणि शाबित करण्याचा भार मार खाणाऱ्यावर असतो.

हा भार बदलता येतो, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दाखवले आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध शाबित झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे असे ठरले. कोठडीतल्या मारहाणीसाठीही असेच गृहीतक आणा, असे विधी आयोगाने 1985 मध्ये आपल्या 113 व्या अहवालात सुचवले आणि 2017 मध्ये 273 व्या अहवालात पुन्हा सांगितले. ते आजही कागदावर आहे.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. परदेशी तपासनीस आपल्या तुरुंगांत येतील, अशी भीती दाखवली जाते. इथेच करारांच्या पायऱ्या माहीत असणे कामी येते. समितीने स्वतःहून चौकशी करण्याचे विसावे कलम आपल्याला लागू नाही, असे अनुसमर्थनाच्या वेळी जाहीर करण्याची सोय याच कराराच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. व्यक्तीने थेट समितीकडे तक्रार करण्याची बाविसाव्या कलमातली तरतूद देशाने वेगळी संमती दिली तरच लागू होते. कोठड्यांना भेटी देणारी उपसमिती 2002 च्या ऐच्छिक पूरक कराराने निर्माण झाली आणि तो स्वीकारणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. मला विचाराल तर भारताने हे सारे स्वीकारावे. पण ज्यांना शंका आहे त्यांनीही मूळ करार अडवण्याचे कारण उरत नाही. आपल्या नागरिकाला मारणार नाही, असे सांगितल्याने कोणतेही राष्ट्र लहान होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भावनिक असतो: दहशतवाद्यांना कसले मानवी हक्क? त्यावर मी 11 जुलै 2006 कडे बोट दाखवतो. त्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर झालेल्या स्फोटांत 180 हून अधिक माणसे गेली. संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखाली अपवाद म्हणून चालणारे, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांपुढे दिलेले कबुलीजबाब खटल्याचा मोठा आधार होते. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व 12 दोषींना निर्दोष सोडले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि आरोपींच्या छळाच्या तक्रारीत तथ्य आहे, असे न्यायालयाने नोंदवले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे आणि अंतिम निर्णय तिथे व्हायचा आहे. पण एवढ्या वर्षांनी त्या प्रवाशांच्या घरच्यांच्या हाती काय आहे? मारून मिळवलेल्या पुराव्याची किंमत स्फोटात माणूस गमावलेले घरही मोजते.

करार स्वीकारल्याने छळ आपोआप थांबत नाही, हेही खरे. अमेरिकेने 1994 मध्ये अनुसमर्थन केले आणि तरी इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात कैद्यांचा छळ घडलाच. पण युद्ध असो वा आणीबाणी, छळाला कोणत्याही परिस्थितीत समर्थन नाही, असे दुसरे कलम ठणकावून सांगते. एका वर्षात पहिला आणि नंतर दर चार वर्षांनी अहवाल जिनिव्हातल्या दहा तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवावा लागतो. आपल्या संसदेला आणि पत्रकारांना उत्तर मागण्याची जागा त्यातून मिळते. बांगलादेशाने 2013 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि 2020 मध्ये त्याखाली पोलिसांना पहिली शिक्षा झाली.

भारतात हा प्रयत्न झाला नाही असे नाही. 6 मे 2010 रोजी छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले. ते फार तोकडे होते: छळाची व्याख्या आखूड, तक्रारीला सहा महिन्यांची मुदत, खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी. राज्यसभेच्या प्रवर समितीने त्यात मोलाच्या सुधारणा सुचवल्या, पण 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक लोप पावले. त्या समितीचे अध्यक्ष, माजी कायदामंत्री अश्वनी कुमार, पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा करा असा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही, असे न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये सांगितले. डी. के. बसू निकालातल्या अटकेच्या अकरा सूचना, 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण जपण्याचा आदेश, हे सारे न्यायालयाने आपल्या परीने केले. पुढचे पाऊल लोकप्रतिनिधींचे आहे.

महाराष्ट्राला तर वाट पाहण्याचीही गरज नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य स्वतःचा कायदा करू शकते. जादूटोणाविरोधी कायदा आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपण असेच पुढाकार घेऊन केले. अशा कायद्याची गरजही इथे आहेच. सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये कोठडीत मेलेल्या तरुणाचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली होती. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या मृत्यूचा गुन्हा नोंदवा, असे सांगायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै 2025 मध्ये आदेश काढावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही तो आदेश कायम राहिला. राज्य सरकारे बदलतात, पक्ष बदलतात, पण गुन्हा नोंदवायलाच मृताच्या घरच्यांना लढावे लागते, हे बदलत नाही.

म्हणून कायद्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: मानसिक छळासह करारातली पूर्ण व्याख्या, कोठडीत इजा झाली तर ती ताब्यात ठेवणाऱ्यानेच केली असे गृहीतक, पोलिसांच्या अखत्यारीबाहेरची तपास यंत्रणा, आणि पीडिताला हक्काची भरपाई. पोलिसांच्या हातात आधुनिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा, पुरेसे मनुष्यबळ आणि माणसासारखे कामाचे तास देणे हाही याच सुधारणेचा भाग आहे, कारण थकलेला आणि वरून दबाव असलेला तपास अधिकारी सर्वांत सोपा मार्ग धरतो.

महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 खासदार जातात. भारत छळविरोधी कराराचे अनुसमर्थन कधी करणार, हा प्रश्न त्यांपैकी प्रत्येकाला आपण मतदार म्हणून विचारला पाहिजे आणि तारखेसह उत्तर मागितले पाहिजे. आपल्या आमदाराला राज्याच्या कायद्याबद्दल विचारले पाहिजे. 1997 ची सही कोणत्या एका पक्षाची नव्हती. ती भारताची होती, म्हणजे आपली होती, आणि दिलेला शब्द पाळून घेण्याचा अधिकारही आपलाच आहे.